दात साफ करूनही कीटण त्याच जागी परत का येतं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. वय चौतीस, उंड्रीत राहता, सोसायटीला बहुतेक टँकरचं पाणी. पाच महिन्यांपूर्वी दात साफ करून घेतले होते आणि आता खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, तोच पिवळट खडबडीत थर पुन्हा लागतोय. दोन वेळा ब्रश करता, तरीही. सकाळी थुंकताना कधीकधी रक्त दिसतं. हा थर काढायला लिंबू आणि खायचा सोडा चालेल का, की ऑनलाइन मिळणारा स्टीलच्या हुकांचा संच मागवावा, असं तुम्ही विचारलंय. आईंचं म्हणणं असं की सारखे दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. त्या स्वतः बरीच वर्षं मशेरी लावतात.

मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे आणि पुण्यातच प्रॅक्टिस करते. तुम्ही विचारलंय "काढायचं कसं", पण तुमची खरी अडचण "एवढ्या लवकर त्याच जागी परत का येतं" ही आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. जे कडक झालंय ते घरी निघत नाही आणि काढायच्या फंदात पडूही नका. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, पण त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या हातात आहे. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तपासणीवर अवलंबून राहतील. त्या कुठल्या, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अगदी पातळ, न दिसणारा पापुद्रा दातावर बसतो. त्याला तोंडातले जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हा प्लाक. रंग जवळपास दाताचाच असल्यामुळे आरशात दिसत नाही, पण दुपारी जिभेने दात चाचपले तर ओशट लागतो तो हाच. नुसत्या चुळीने तो जात नाही, ब्रशच्या मऊ केसांनी मात्र सहज जातो. तो जागेवर राहिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसायला लागतं. काही जणांच्या तोंडात ही सुरुवात चार ते आठ तासांत होते. भराभर कडक होणारा प्लाक दोन दिवसांत निम्मा खनिजाचा होऊ शकतो आणि बारा दिवसांत साठ ते नव्वद टक्के. हेच कीटण, म्हणजे टार्टर. आम्ही त्याला कॅल्क्युलस म्हणतो. एकदा ही अवस्था आली की ब्रश कितीही दाबून फिरवा, तो वरून घसरतो.

आता तुमची जागा. जिभेखाली दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, खालच्या समोरच्या दातांच्या अगदी मागे. ग्रंथीतून ताजी बाहेर पडलेली लाळ तोंडात आली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तिची आम्लता कमी होते आणि तिच्यातलं कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडून बसायला तयार होतं. सगळ्यात जवळ मिळतात ते खालचे पुढचे दात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही असंच होतं, कारण गालातल्या मोठ्या ग्रंथीची नळी तिथे, साधारण दुसऱ्या दाढेसमोर उघडते. या दोन जागी कीटण न दिसणारा माणूस मला क्वचितच भेटतो. तेव्हा तुमच्या तोंडात काही विचित्र घडतंय असं समजू नका.

टँकरच्या पाण्याची शंका तुम्ही घेतलीत, ती साहजिक आहे. उंड्री, पिसोळी, वाघोली इकडून येणारे बरेच जण हेच विचारतात. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, मग दातावर का नाही? पण दातावरच्या थराला लागणारं कॅल्शियम तुमची लाळच पुरवते आणि ती दिवसरात्र तिथे असते. प्यायलेलं पाणी दातांवरून काही क्षणांत निघून जातं. आरओ बसवायचं असेल तर पाण्याच्या इतर कारणांसाठी खुशाल बसवा, पण त्याने कीटण थांबेल या आशेवर नको. पाण्यामुळे दातावर खरोखर डाग पडतात ते फ्लोराइड जास्त असेल तर. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पण ते पांढरे-तपकिरी डाग लहानपणी दात घडताना इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणाच्या, आतच तयार होतात. कीटणाशी त्यांचा संबंध नाही आणि साफसफाईने ते जात नाहीत.

मग एकाच घरात एकाला वर्षभर काही होत नाही आणि दुसऱ्याला चार-पाच महिन्यांत थर चढतो, तो का? लाळेची घडण प्रत्येकाची वेगळी असते. दात वेडेवाकडे किंवा एकमेकांवर चढलेले असतील तर ब्रश पोचत नाही. आतून कायमची तार चिकटवलेली असेल तर तिच्याभोवती प्लाक अडकतो. तोंडाने श्वास घेणं, तोंड कोरडं पाडणारी औषधं, धूम्रपान ही कारणं आहेतच. एक गोष्ट पेशंट आपणहून सांगत नाहीत, ती मी तोंड उघडताच पाहते. कीटण एकाच बाजूला जास्त असेल तर मी विचारते, "या बाजूने चावत नाही का?" बहुतेक वेळा तिकडे एखादी दुखरी दाढ निघते. माणूस त्या बाजूने चावणं टाळतो, ब्रशही जपून फिरवतो आणि तिथे थर साचत जातो. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर आधी ती दाढ बघून घ्या.

लिंबू-सोड्याकडे येते, कारण याच्या नादाने झालेलं नुकसान मी बघते आणि ते भरून येत नाही. कीटण मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या क्षारांचं असतं. दाताचं इनॅमलही त्याच जातीच्या क्षाराचं असतं. म्हणजे घरात मिळणारं जे आम्ल कीटण विरघळवेल, ते शेजारचा दातही विरघळवेल. कोण कीटण आणि कोण दात हे आम्लाला कळत नाही. पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. लिंबू चोळल्यावर दात गुळगुळीत आणि पांढरे वाटतात, कारण वरचा थर झिजलेला असतो. पुढे गार पाण्याने कळ येते, आतलं पिवळट डेंटिन दिसू लागतं आणि गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. व्हिनेगरचंही तेच. सोडा एकटा वापरला तर त्यामानाने सौम्य आहे, चहाचे डाग थोडे फिके होतील, पण चिकटलेलं कीटण त्याने निघत नाही. लिंबात सोडा कालवलात तर दोघे एकमेकांना मारतात. फेस भरपूर येतो आणि लिंबू जास्त असेल तर आम्ल उरतंच.

कोळशाची पेस्ट आणि राखुंडी या दोन्ही खरखरीत आहेत. दात उजळ दिसतात ते घासले गेल्यामुळे. हिरडीजवळचा भाग तर इनॅमलपेक्षा मऊ असतो, तिथे वर्षानुवर्षं राखुंडी लावणाऱ्यांच्या दातांना खाचा पडलेल्या दिसतात. तेलाच्या गुळण्या करत असाल तर करा, त्यांनी कडक कीटण निघत नाही एवढं लक्षात ठेवा.

आता हुकांचा संच. दिसायला तो आमच्या ट्रेमधल्या हत्यारांसारखाच असतो, म्हणून माणसाला वाटतं की जमेल. पण आम्ही ते हत्यार वापरतो तेव्हा त्याची धार कुठल्या कोनात दाताला टेकते, बोट कुठे टेकवून हात स्थिर ठेवायचा आणि खेच कुठल्या दिशेने द्यायची, हे शिकायलाच बराच काळ लागतो. तुम्ही आरशात उलटं बघून, स्वतःच्या खालच्या दातांच्या मागे, न दिसणाऱ्या जागी टोक घालणार. हूक घसरून हिरडी फाटते, जिभेखाली लागतं, मुळावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत पुढचा प्लाक अधिक घट्ट बसतो. समजा, चिकाटीने तुम्ही दिसणारा तुकडा उडवलात. त्यानंतर काय होतं, याची मला जास्त काळजी वाटते. वर स्वच्छ दिसतं, तुम्ही निर्धास्त होता आणि हिरडीच्या खाली असलेलं काळपट, चिवट कीटण तिथेच राहतं. हाड खाणारा आजार त्या खालच्या भागात चालतो. ऑनलाइन 'अल्ट्रासॉनिक' म्हणून विकली जाणारी यंत्रंही घेऊ नका. दवाखान्यातल्या स्केलरचं, म्हणजे कीटण काढायच्या यंत्राचं, टोक सेकंदाला पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतं आणि त्यावर सतत पाण्याचा फवारा असतो. पाणी नसेल तर दात तापतो.

थोडं थांबून इथपर्यंतचं सांगते. मऊ प्लाक तुम्ही काढायचा, रोज. कडक झालेलं आम्ही काढायचं, अधूनमधून. या वाटणीत उलटसुलट केलं की त्रास होतो. रोजचं काम सोडून नुसतं दर सहा महिन्यांनी आमच्याकडे येणारे असतात आणि आमचं काम घरी करू पाहणारेही असतात. दोघांच्याही हिरड्या बिघडलेल्या असतात.

आईंना जी भीती आहे ती मी फार जणांकडून ऐकते. तिच्यामागे खरा अनुभव असतो, म्हणून मी ती झटकून टाकत नाही. दात साफ केल्यावर काही जणांना फटी जाणवतात, काही जणांचे दात थोडे हलतात, आठ-पंधरा दिवस गार पाणी लागतं. हे घडतं. पण क्रम असा असतो: कीटण आणि प्लाक यांच्यामुळे हिरडी सुजते, मग वर्षानुवर्षं हळूहळू दाताभोवतीचं हाड कमी होतं. जी जागा मोकळी होते ती कीटणाने भरते आणि शेजारचे दात त्याने एकमेकांना जखडले जातात. आधार गेलेला असतो, फक्त कळत नाही. कीटण काढलं आणि सूज उतरली की फट दिसते, दात आहे तेवढाच हलताना जाणवतो. हाड गेलं ते आधीच. उलट स्वच्छ झाल्यावर हिरडी पुन्हा घट्ट बसते आणि बऱ्याच जणांचे किंचित हलणारे दात काही आठवड्यांत स्थिर होतात. खूप हाड गेलेलं असेल तर तसं होणार नाही, आणि हे साफसफाईच्या आधीच पेशंटला सांगायला हवं. न सांगता साफ केले की दोष साफसफाईवर येतो आणि घरातली चार माणसं पुढची दहा वर्षं दवाखान्याकडे फिरकत नाहीत. हे नुकसान आम्ही डॉक्टरांनी टाळायचं आहे.

स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात यंत्राने कीटण काढल्याने, इनॅमल झिजतं, हाही समज आहे. नीट केलेल्या स्केलिंगमध्ये टोक कीटण मोडतं, इनॅमल त्याहून टणक असतं. नंतर जी कळ येते ती झाकलेलं मूळ उघडं पडल्यामुळे येते. संवेदनशील दातांची पेस्ट वापरली आणि फार गार-गरम टाळलं की ती ओसरते.

आता घरी काय करायचं. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण "दोन वेळा ब्रश करतो" म्हणणाऱ्याला मी आरसा देऊन समोर ब्रश करायला सांगते, तेव्हा बहुतेकांचा ब्रश खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पोचतच नाही. बाहेरून जोरजोरात आडवा फिरतो, दाढांवरून फिरतो, की झालं. तुम्हीही आज आरशासमोर उभं राहून हे बघा. शक्य असेल तर डेंटिस्टकडून किंवा केमिस्टकडून प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या आणा. ब्रश करून झाल्यावर एक चघळायची आणि चूळ भरायची. जिथे रंग राहतो तिथे ब्रश लागलेला नाही. माझ्या सांगण्यापेक्षा तो लाल रंग लवकर पटतो.

ब्रश मऊ केसांचा, लहान डोक्याचा घ्या. 'हार्ड'ने जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे, त्याने हिरडी मागे सरकते. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सीमेवर ठेवायचा, केस साधारण पंचेचाळीस अंशांत हिरडीकडे झुकलेले. मग जागच्या जागी अगदी छोटी थरथर द्यायची, दोन-तीन दातांपुरती, आणि तिथून दाताच्या टोकाकडे फिरवत बाहेर काढायचा. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरली पाहिजेत, कारण प्लाक तिथे लपतो. चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली आणि थोडाफार बदल करून आम्ही आजही तीच शिकवतो.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश आडवा बसत नाही, तिथली कमान अरुंद असते. ब्रश उभा धरा, दांडा वरच्या दिशेला. ब्रशच्या डोक्याचं पुढचं टोक एका दाताच्या मागे हिरडीपाशी टेकवा, हलकी थरथर द्या आणि वर ओढा. मग पुढचा दात. असे सहा दात. सुरुवात रोज इथूनच करा. आपण जिथून सुरू करतो तिथे लक्ष जास्त असतं आणि शेवटच्या जागेपर्यंत कंटाळा आलेला असतो. माझ्या पेशंटांपैकी ज्यांनी एवढा एकच बदल केला, त्यांच्यातल्या अनेकांचं त्या जागचं कीटण पुढच्या भेटीला स्पष्ट कमी झालेलं मी पाहिलंय. पूर्ण थांबेल असं वचन मी देणार नाही, कारण तुमची लाळ बदलता येत नाही.

रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. दोन मिनिटं घड्याळ लावून करा, सवय नसेल तर ती फार लांब वाटतात. इलेक्ट्रिक ब्रश परवडत असेल तर जरूर घ्या. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ वापरणाऱ्यांमध्ये साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक साधारण एकवीस टक्क्यांनी कमी आढळला होता. पण नीट फिरवलेला तीस-चाळीस रुपयांचा मऊ ब्रशही पुरेसा आहे. केस पसरले की ब्रश बदला, साधारण तीन महिन्यांनी.

दोन दातांच्या मधली जागा ब्रशने साफ होत नाही, कुठल्याही ब्रशने नाही. दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे मधून फिरवायचा बारीक दोरा, मध्ये जागा असेल तर फटीत घालायचा बारीक ब्रश. हे ब्रश वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. योग्य मापाचा ब्रश जरासा अडून आत जातो, जोर लावावा लागत नाही. पहिल्यांदा माप डेंटिस्टकडून ठरवून घ्या, एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. धुऊन तोच पुन्हा वापरता येतो. टूथपिकने किंवा सेफ्टी पिनने कोरू नका. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र तारा किंवा इम्प्लांट असलेल्यांना उपयोगी पडतं, पण चिकट प्लाक नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाही. तेव्हा ते फ्लॉसच्या जोडीला ठेवा.

पेस्टबद्दल फार डोकं खपवू नका. फ्लोराइड असलेली कुठलीही चालेल. 'टार्टर कंट्रोल' लिहिलेल्या पेस्टमध्ये पायरोफॉस्फेट किंवा झिंकचे क्षार असतात. ते नवीन कीटण कडक होण्याचा वेग कमी करतात, तेही हिरडीच्या वरच्या भागात. जुनं काढत नाहीत. तुमच्यासारख्या भराभर थर चढणाऱ्यांना मी ती सुचवते, कुणाचे दात फार सळसळत असतील तर नाही. माउथवॉशमध्ये सावध राहा. क्लोरहेक्सिडिन असलेलं औषध प्लाकवर उत्तम काम करतं, पण आम्ही ते एक-दोन आठवड्यांपुरतं देतो. केमिस्टकडून आणून महिनोन्महिने वापरलं की दात तपकिरी होतात, चव बिघडते आणि कीटण उलट वाढू शकतं. दिवसाला चार-पाच चहा होत असतील तर डाग आणखी लवकर पडतात.

रक्ताबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला मात्र ते कीटणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही. आलं की माणूस घाबरून ती जागा सोडून देतो, मग प्लाक वाढतो आणि रक्तही वाढतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हळुवार, पण रोज आणि नीट फिरवा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं तर ती वरवरची सूज होती. नाही थांबलं तर आत कीटण आहे किंवा आजार खोल गेलाय, आणि मग वाट बघू नका. काही वेळा कारण वेगळंच असतं: मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या काही औषधांनी हिरड्या फुगतात. असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

किती दिवसांनी साफ करून घ्यायचं, हे हिरडीच्या खोलीवर ठरतं. खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. चार किंवा जास्त आणि रक्तही येत असेल, तर हाडापर्यंत गेलेल्या आजाराची, ज्याला लोक पायोरिया म्हणतात त्याची, शक्यता असते. मग एक्स-रे काढून, भूल देऊन हिरडीखालची खोल सफाई करावी लागते आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. खोली नीट असेल तर सहा महिन्यांचा नियम दगडावरची रेघ नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, गंभीर आजार नसलेल्या आणि डेंटिस्टकडे नियमित जाणाऱ्या प्रौढांनी सहा महिन्यांनी दात साफ केले, वर्षाने केले किंवा ठरावीक वेळापत्रक ठेवलंच नाही, तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या आरोग्यात फारसा फरक दिसला नाही. कीटण तेवढं थोडं कमी राहिलं. तुमची खोली तीनच्या आत असेल आणि रक्त थांबलं असेल, तर पाच महिन्यांत मागे जरासा थर आला म्हणून धावत जायची गरज नाही, सात-आठ महिन्यांनी गेलात तरी चालेल. खोली जास्त असेल तर पाच महिनेही उशीर आहे. मागच्या वेळी ही खोली मोजली होती का, हे तुम्हाला आठवत नसेल तर बहुधा मोजली नसावी. या वेळी स्वतः मागा आणि आकडे लिहून घ्या.

खर्चाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजांतल्या हिरड्यांच्या विभागात जा. तुम्हाला धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला कॉलेज सोयीचं पडेल. सिंहगड रोडकडच्यांना वडगाव बुद्रुकचं सिंहगड कॉलेज, पिंपरीकडच्यांना डी. वाय. पाटील. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पैसे खासगीपेक्षा कमी लागतात आणि खोली मोजून नोंद ठेवण्याची शिस्त चांगली असते.

आईंना सोबत न्या, ही माझी मनापासून विनंती आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे रक्त कमी येतं आणि वाटतं की हिरड्या धडधाकट आहेत. आजार मात्र आत चालू राहतो. त्यापेक्षा मोठा धोका तोंडाच्या कॅन्सरचा. त्यांच्या गालाच्या आत, ओठाच्या मागे, हिरडीलगत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड पूर्वीएवढं उघडतं का, हे डॉक्टरांना खास बघायला सांगा. बोलून त्यांना दुखवू नका. बऱ्याच बायकांना मशेरी सासरी किंवा माहेरी लहानपणीच लागलेली असते आणि सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्या सांगतात. ते व्यसन आहे, आळस किंवा हट्ट नाही. सोडायला मदत लागते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. सुरुवात म्हणून मशेरीच्या जागी मऊ ब्रश आणि पेस्ट आणून द्या, आणि पहिले काही दिवस रक्त वाढल्यासारखं दिसेल हे आधीच सांगून ठेवा. निकोटिनचा असर उतरला की दबलेलं रक्त दिसू लागतं. हे माहीत नसलं तर "मशेरी सोडली आणि हिरड्या बिघडल्या" म्हणून त्या पुन्हा डबी उघडतील.

त्यांना मधुमेह असेल तर हिरड्यांचे उपचार आणखी महत्त्वाचे. हिरडीचा आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरडी बिघडवते. नीट उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, साधारण ०.४ ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर साफसफाईच्या आधी डेंटिस्टला आणि हृदयाच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगा. झडप असलेल्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसती नावं सांगताना गोंधळ होतो.

हुकांचा संच मागवला असेल तर परत करा. ते पैसे फटीतल्या बारीक ब्रशांवर आणि रंगाच्या गोळ्यांवर घाला. आज रात्रीपासून सुरुवात त्या खालच्या सहा दातांच्या मागून करा आणि दोन आठवड्यांनी रक्ताचं काय झालं ते इथेच लिहा. खोली मोजून घेतलीत तर तेही आकडे टाका, मग पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.